नवव्या खड्ड्याची सरासरी

बेलपाड्याच्या बळीराम यांच्या घरी असलेल्या नमुनावहीत नवव्या खड्ड्याची ओळ दोनदा लिहिलेली आहे. काळ्या शाईत ‘टनामागे दोन तोळे’, आणि त्यावर लाल शाईत एकच शब्द, ‘रद्द’. या दोन नोंदींमधल्या तीन दिवसांविषयी वही गप्प आहे. ते सांगितले त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाई यांनी. त्यांच्या सांगण्यातला जो भाग वहीशी ताडून पाहता येतो, तो जुळतो. उरलेला त्यांच्या शब्दावर सोडावा लागतो.

१९५३च्या हिवाळ्यात मुंबईची एक कंपनी खारघरच्या डोंगरउतारावर सोने शोधायला आली. बळीराम मिठागरावर राबणारे. मिठाच्या राशीभोवती एक फेरी मारून ते तिचे वजन सांगत आणि ते फारसे चुकत नसे. एवढ्यावरून कंपनीचे भूवैज्ञानिक टिपणीस यांनी त्यांना मुकादम नेमले. काम सोपे, पण काटेकोर होते. खड्ड्यातून निघालेल्या मातीचा ढीग करायचा, त्याचे चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्या दोहोंचा पुन्हा ढीग. असे करत शेवटी दहा शेर माती उरली की ती पिशवीत भरून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायची.

आठव्या खड्ड्याची कड ढासळली आणि पांडूचा पाय मोडला. पांडू त्याच उतारावरच्या कातकरी वाडीतला. दुसऱ्या दिवशी खणणारे कुदळी खाली ठेवून बसले.

“डोंगराचा नुसता काढताव,” म्हातारा धोंडी म्हणाला. “दिलाव काय त्याला? नवव्यात आमी उतरणार नाय.”

बळीराम घरी आले. चंद्रावतीबाईंच्या गळसरीतल्या एका भरीव मण्याचा तुकडा त्यांनी अडकित्त्याने कापला. नवव्या खड्ड्याच्या जागी तांदूळ, कुंकू आणि ती कणी ठेवून पहिली कुदळ स्वतः मारली. मग माणसे उतरली.

महिन्याभराने, एका बुधवारी, प्रयोगशाळेचे पत्र आले. अकरा खड्ड्यांत काही नाही, नवव्यात टनामागे दोन तोळे. टिपणीसांनी पनवेलहून पेढे मागवले.

“बारा खड्ड्यांची सरासरी काढली तर टनामागे सोळा गुंजा,” ते नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत म्हणाले. “आणि एवढ्या उताराला त्याने गुणा! ही वाडी मात्र हलवावी लागेल. शनिवारी अहवाल मुंबईला जातो. आणि बळीराम, तुम्ही आजपासून कायम.”

पेन्सिलीची रेघ पांडूच्या वाडीला पोटात घेऊन गेली होती. बळीराम यांच्या हातातला पेढा घरी येईपर्यंत हातातच होता.

त्या दिवशी ते जेवायला बसले आणि दोनदा उठले.

“काय वो, पाटाला काटे हायत काय?” चंद्रावतीबाई म्हणाल्या.

“गळसरी दे.”

“आता उरलेला पन नेताव? त्या डोंगराच्या गळ्यात सगळीच घाला, एकदाची!”

“ती कणी पिशवीत गेली, चंद्रा. सायबाच्या मातीत.”

बाई हसत सुटल्या. “म्हंजे तुमचा सायेब माजा मणी मोजतो?” मग हसू थांबले. “मग सांगा ना त्याला.”

“सांगितला तर परत मिठागर. तेच पाय, तेच खारं पानी.”

“आन नाय सांगितला तर?”

“पांडूची वाडी.”

गुरुवारी ते वाडीवर गेले. पांडू पायाला कामट्या बांधून दारात पडला होता. “पेढे वाटले म्हनं,” तो म्हणाला. “आमचा पाय मोडला तवा निघालं ना सोनं? मंग एक तरी पेढा आना की, मुकादम.” त्याची बायको पारू हसली. बळीराम बसले नाहीत. उतार चढले, उतरले, नवव्या खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले, पुन्हा चढले. खात्री तरी कसली होती? कणी चार वाट्यांत कधीच बाजूला पडली असेल, आणि डोंगराने खरेच काही दिले असेल.

शुक्रवारी ते पनवेलच्या बाजारात सोनाराकडे गेले. गळसरीतला जोडीचा अख्खा मणी भरला तीन गुंजा. कापलेला भरला दीड. तिथून चालत ते थेट टिपणीसांच्या तंबूवर पोहोचले आणि दोन्ही मणी नकाशावर ठेवले.

टिपणीसांनी सगळे ऐकून घेतले आणि कागद ओढला. दोन तोळे म्हणजे एकशे ब्याण्णव गुंजा. टनात दहा शेरांच्या पिशव्या एकशे नऊ. म्हणजे एका पिशवीत पावणेदोन गुंजा. त्यांनी हिशेब पुन्हा केला. तोच आकडा आला.

“हे बुधवारी का नाही सांगितलंत?”

“बुधवारी मी कायम झालो, सायेब.”

टिपणीसांनी नमुनावही समोर घेतली. मग त्यांनी लाल शाईची दौत उघडली.

बळीराम मात्र हलले नाहीत. “कापला दीडच. पिशवीत पावणेदोन.”

“दोन मणी हुबेहूब नसतात. सोनाराचा काटाही असतो. पाव गुंज आहे, विसरा.”

ते शास्त्रदृष्ट्या बरोबर होते. अकरा रित्या खड्ड्यांपुढे त्या पाव गुंजेला वजन नव्हते. महिन्याभरात खड्डे बुजले, तंबू उठले, आणि बळीराम मिठागरावर परतले. नमुनावही त्यांनी मागून घेतली. टिपणीसांनी ती का दिली, याची नोंद कुठे नाही.

पण चंद्रावतीबाई सांगतात की मिठाचा हंगाम संपला की दर वर्षी ते उतारावर जात आणि नवव्या खड्ड्याच्या जागेभोवती फेरी मारत, राशीभोवती मारावी तशी. पांडू लंगडत दारात येई.

“काय मुकादम, किती भरला?”

“पाव गुंज,” बळीराम म्हणत.

“मंग राहू द्या तिथंच,” पांडू म्हणे, आणि पारू आत चहाचे आधण ठेवी. बळीराम बसत, एक घोट घेत, आणि पेला हातात घेऊनच पुन्हा उठून उताराकडे पाहत.