प्रॉक्सीतला बाप

आमच्या नाटकाच्या तालमीला सगळी माणसं एकत्र कधी जमतच नाहीत. कोणाची फर्स्ट शिफ्ट, कोणाचा ओव्हरटाइम. जो कामावर असेल त्याचे संवाद मी म्हणायचे, त्याच्या जागी मीच वावरायचं. याला आमच्यात प्रॉक्सी म्हणतात. निगडीच्या तालमीच्या हॉलमध्ये मी सासू झालोय, पोलीस झालोय, एकदा तर मयतसुद्धा झालोय.

या वेळी बापाची भूमिका चाकणच्या एका कंपनीतल्या फिटरकडे होती. माणूस गुणी, पण सुट्टी मिळेल तर शपथ. त्यामुळे बहुतेक तालमींत बाप मीच. माझी उमेदीची वर्षं स्टेजवरच गेली. मग गुडघे बोलू लागले, भूमिका आटल्या आणि मी नाटक बसवणारा 'सर' झालो. शिकवण्यात मन रमतं असं सगळ्यांना सांगतो. साफ खोटं आहे ते.

स्पर्धेचा प्रयोग दुपारी होता. पहिली घंटा झाली तरी फिटरचा पत्ता नाही. फोन केला, तर म्हणे, "सर, कंपनीच्या गेटवर आहे, निघालोच." चाकणच्या ट्रॅफिकमधून हा कसला पोचतोय? मी बापाचा सदरा चढवला, मिशी चिकटवली. विंगेत येरझाऱ्या घालताना मनात एकच चाललेलं, येऊ नकोस रे बाबा.

दुसऱ्या घंटेला तो आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, घामाघूम. "सॉरी सर, सुपरवायझर सोडतच नव्हता." मी सदरा उतरवून त्याला घातला, मिशी काढून त्याला चिकटवली. फार वाईट वाटलं. तोंड दिसू नये म्हणून खाली बघून त्याची बटणं लावत बसलो.

पडदा उघडला. मुलीचं काम करणारी सांगवीची नर्स पहिल्याच प्रवेशात "बाबा" म्हणाली, ती विंगेत माझ्याकडे बघून. सवयच तशी लागलेली. स्टेजवरचा बाप तिच्या पाठीमागे गोंधळून उभा. पुढच्या वाक्यालाही तेच. मी हाताने खुणावलं, तिकडे बघ. तर ती आणखीच माझ्याकडे बघायला लागली.

मी तिथे असेपर्यंत त्याला त्याची मुलगी मिळणार नव्हती. मागच्या दाराने बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला लागलो. आतलं अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी बापाच्या संवादांना माझे ओठ हलत होते.

वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, तुमचं न्हाई का काम आत?"

"होतं," मी म्हणालो.