कोणचं लाकूड?

जानूदादा गेल्याचं मला खोडाळ्याच्या बाजारात कळलं. पोशेऱ्याहून आलेला जीपवाला गाडीतून उतरता उतरता म्हणाला, "महादू, तुझा धारवाला गेला रे काल. ताप आला, चार दिवसांत आटोपला." माझ्या हातात सुक्या बोंबलांची जुडी होती. ती मी पिशवीत नीट ठेवली, तोंडाने अरेरे म्हटलं, आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते हे की, चला, सुटलो. ज्या माणसाने मला धंद्यात उभं केलं तो गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याला दीड महिना झाला. तेव्हापासून जेवण नीट जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. यात दादाबद्दल वाईट काही सापडणार नाही. जे वाईट आहे ते माझं आहे.

माझा धंदा झाडं तोडण्याचा. कोणाच्या घरावर कललेलं, कोणाच्या बांधावरचं, कोणाला घर बांधायला हवं असलेलं. चेनसॉला आमच्याकडे सगळे नुसतं मशीन म्हणतात. मशीन काय, चार पैसे जमवले की कोणीही आणतो. पण लाकूड कापते ती त्यावरची चेन, आणि चेनला धार लावावी ती जानूदादानेच. मोखाड्यापासून दाभोशापर्यंत ज्याच्याकडे मशीन, त्याची चेन पोशेऱ्याला दादाच्या पडवीत यायचीच. तरुणपणी तो भिवंडीला लाकडाच्या वखारीत राबला होता, तिथल्या एका भय्याच्या हाताखाली हे शिकला होता. दोन गुडघ्यांत लाकडी ठोकळा धरायचा, त्याच्या खाचेत चेन अडकवायची आणि गोल कानस फिरवायची, ती फक्त पुढे. मागे आणताना उचलून आणायची. एकेका दाताला तीन हात, चौथा नाही. कोणी घाई केली तर मान वर न करता म्हणायचा, "मंग दगडावर घास की."

आणि कानस हातात घेण्याआधी त्याचा एक प्रश्न ठरलेला. "कोणचं लाकूड?" उत्तर मिळाल्याशिवाय तो चेनला हात लावत नसे. मी नवीन होतो तेव्हा म्हणालो होतो, "दादा, लाकूड ते लाकूड, तू धार लाव." त्याने चेन माझ्या मांडीवर परत ठेवली. "भात न् नागली एकाच पाण्यात शिजवतं का तुझी बायको?" मग समजावलं. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटकी खुंटी असते, दाताने किती खोल चावायचं ते ती ठरवते. सावरीसारख्या मऊ लाकडाला दात तिरका करायचा आणि खुंटी घासून खाली घ्यायची, म्हणजे मोठा घास निघतो. खैर, ऐन असलं कडक लाकूड असेल तर दात सरळ ठेवायचा आणि खुंटीला हात लावायचा नाही. "सावरीची चेन खैराला लावशील तं मशीन उलटून तुलाच खाईल," तो म्हणाला. तयार चेनला तो वहिनीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचा, मऊ लाकडाला पांढरी, कडक लाकडाला लाल. कधी गफलत झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या बांधावरचा खैर तोडायचं काम मी घेतलं. वाळून दगड झालेला खैर. त्याला जंगल खात्याची परवानगी लागते, आणि तिचा कागद आला नव्हता. थांबायचं होतं. पण मला वाटलं, एकच तर झाड, कोण बघतंय. चेन घेऊन दादाकडे गेलो तर पडवीत आणखी दोघं बसलेले. "कोणचं लाकूड?" दादाने विचारलं. खैर म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. मी म्हणालो, "सावर." दादाचं सगळं जरा अतीच असतं, अशी स्वतःची समजूतही काढली. त्याने खुंट्या खाली घेतल्या, पांढरी चिंधी बांधली आणि चेन दिली. वाटेत मी ती चिंधी सोडून फेकून दिली.

मशीन माझा मामेभाऊ संतू चालवायचा. त्याला चिंधी दिसली असती तर त्याने मशीन सुरूच केलं नसतं. दात खैरात घुसले, अडकले, मशीन उसळलं आणि संतूच्या मांडीवर आलं. संतू वाचला, पायही राहिला, पण आजही तो पाय ओढत चालतो. जव्हारच्या दवाखान्यात त्याला टाके घालत होते तेव्हा मी बाहेर त्याच्या पायाची काळजी करत उभा होतो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी खैराची काळजी करत होतो. दोन-तीन वेळा आत जाऊन त्याला सांगून आलो, सावर म्हण, सावर. तो बिचारा हो म्हणाला.

लोक विचारू लागले तेव्हा मी बोलून गेलो की दादाचं वय झालं, हात चुकला असेल. एकदा बोललं की मागे घेता येतं का? तिसऱ्या दिवशी चौघांना सोबत घेऊन मी पोशेऱ्याला गेलो. चेन आधी रॉकेलने घासून धुतली होती. ती पडवीत टाकली आणि म्हणालो, "बघ दादा, किती घासल्यास खुंट्या." दादाने चेन उचलली, बोटांनी एकेक कडी फिरवली, नाकाशी धरली. "कोणचं लाकूड व्हतं, महादू?" मी सगळ्यांसमोर पुन्हा म्हणालो, "सावर." त्याने चेन खाली ठेवली. "मंग माझाच हात चुकला असंल." बस. त्यानंतर त्याने कानस बांधून ठेवली. लोक चेन घेऊन लांब शहरात जाऊ लागले. ज्याच्या पडवीत चार माणसं बसलेली असायची त्या पडवीत कोणी फिरकेना. हे लिहिण्याआधी त्या चौघांना घरी जाऊन खरं सांगून आलोय. एकाने मला पाणीही विचारलं नाही, बरोबरच केलं.

तीन वर्षं मी दादाकडे जात राहिलो. दिवाळीला जा, नागली निघाली की जा. प्रत्येक वेळी वळणावर ठरवायचो की आज सांगायचं, आणि चहा पिऊन, भाताचं विचारून परत यायचो. दादा प्रत्येक वेळी विचारायचा, "काय तोडतोस सध्या? कोणचं लाकूड?" मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. शेवटचा भेटलो तेव्हाही विचारलं. मी म्हणालो, "आंबा." "बरं," तो म्हणाला, आणि जरा सरकून बाकावर जागा केली. "बसतोस का थोडा? घाई नाय ना?" मी म्हणालो, जीप सुटेल. जीप सुटायला अर्धा तास होता, मी तो नाक्यावर उभं राहून काढला.

दहाव्यानंतर गेलो तेव्हा वहिनी पडवीत एकटीच तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुझी चेन हाय घरात. म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय, महादू आला तं द्यायची." ती आत गेली आणि भिंतीवर टांगलेली चेन घेऊन आली. तीच चेन. दात मागे घासत नेऊन पार बुटके केले होते, त्यामुळे त्यांच्यापुढच्या खुंट्या आपोआप उंच ठरल्या होत्या. कडक लाकडाची धार. कड्यांच्या सांध्यांत अजून लालसर काहीतरी धरून राहिलं होतं. खैराचा रंग रॉकेलने जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं, त्याला होतं. आणि चेनला लाल चिंधी बांधलेली होती. मी कसंबसं विचारलं, हे कधी केलं त्याने? "तू टाकून गेलास ना, त्याच आठवड्यात. मंगच कानस बांधली."

म्हणजे त्या दिवशी चौघांसमोर त्याला सगळं कळलं होतं. त्याने एक शब्द काढला असता तर मी अडकलो असतो. त्याने माझं लाकूड झाकलं आणि स्वतःचा हात चुकीचा ठरवला. मी हात पुढे केला, पण वहिनीने चेन दिली नाही. छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"आधी इचारायचं सांगलंय," ती म्हणाली. "कोणचं लाकूड?"

तांदळावर एक चिमणी आली, तिला हाकलायचंही आम्हा दोघांना सुचलं नाही.

"खैर," मी म्हणालो. "खैर होता, वहिनी."

"हां," ती म्हणाली आणि चेन माझ्या हातात ठेवली. "खैर म्हणला तरच दे, म्हणाले व्हते."