गोंद लावलेली बंडी

आसेगावात आवई उठली, की पंजाबराव दारू पिऊन शाळेत घुसले आणि प्रदर्शनातली लेकरांची बैलबंडी पायाखाली चिरडून आले. शेलूबाजारला जाणाऱ्या जीपमधल्या गप्पांत तर त्यांनी मॅडमवर हातही उगारला होता.

खोटं. बंडी चिरडली, एवढंच खरं. पण ती त्यांनीच केलेली होती, आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी शाळेतल्या संगीता मॅडमनीच ती त्यांच्याकडून करून घेतली होती. शिवारभर आता सोयाबीन. पंजाबरावांनी म्हशीसाठी बांधाच्या धुऱ्यावर ज्वारीच्या चार ओळी पेरल्या, म्हणून ताटांचे धांडे तरी मिळाले. सालपटाचा कणा, गाभ्याची दोन चाकं, चाक अडवायला काडीची खीळ, पुढे धांड्याचेच दोन बैल. सत्तरीतल्या हातांनी अख्खी दुपार घेतली.

प्रदर्शनाच्या सकाळी ते बघायला गेले. बंडीपुढे पाटी: हात लावू नये. त्यांनी लावला. ढकलली, तर चाकं फिरेनात, नुसती घसटत गेली. मॅडमनी हौसेनं सांगितलं, चाकं सारखी निखळत होती, म्हणून गोंदानं पक्की केली, वर वॉर्निशही मारलं.

पंजाबरावांची कानशिलं तापली.

"चाक निखळते, मंग पोरगं ते बसवते. तोच तं खेळ हाय मॅडम. तुमी खेळच चिपकवून टाकला."

पाहुणे फक्त बघणारच आहेत काका, असं मॅडम म्हणाल्या.

"मंग मले कायले तरास देल्ला? फोटू लावाचा." बंडी खाली ठेवून त्यांनी तिच्यावर पाय दिला.

घरी बायकोनं, चंपाबाईंनी, वाढलेल्या भाकरीकडे न बघता त्यांनी म्हशीपुढचे धांडे ओढले. विळा असा चालला, की म्हैसही मागे सरली. तासाभरात नुसती बंडी, बैलांविना, घेऊन ते पुन्हा शाळेच्या फाटकात.

जीपमध्ये त्यांची नक्कल करून लोकांना हसवणारा मी तिथंच होतो. मी डिवचलं, चाक निखळलं की आजची पोरं बंडी टाकून पळतील. शर्त लागली. ते हरले तर बंडी माझी. मी हरलो तर महिनाभर त्यांची नक्कल बंद.

तिसरीतल्या राखीनं बंडी ओढली. झेंड्यापाशी चाक गडगडत गेलं. पंजाबराव दातओठ खात उभे, पण पुढे झाले नाहीत. राखी धुळीत फतकल मारून बसली. चाक कण्यात घातलं. खीळ सापडेना, तर खराट्याची काडी मोडून तीच खुपसली आणि पळाली.

"आता तोंड बंद ठेवजो, महिनाभर," पंजाबराव म्हणाले, अजून रागातच.

शर्तीचा आज चौथाच दिवस, आणि जीपमध्ये जो तो मला त्यांचाच आवाज काढायला सांगून राह्यला.