नऊ टोप्या

आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या कोकणातल्या सिनेगॉगमध्ये माणसं मोजत नाहीत, टोप्या मोजतात. दहा पुरुषांच्या दहा टोप्या भरल्या, तरच संदेष्ट्यांच्या ग्रंथाचं वाचन होतं. या शनिवारी नऊच भरल्या. माझ्या दोन मुलांच्या टोप्या इस्राएलला गेल्यात.

"तुला दोनदा मोजू का? पोट तर दोघांचं आहे," शेजारचे ऐंशीचे सॅमसनकाका म्हणाले. सगळे हसले आणि ग्रंथ कपाटातच राहिला.

देव फार कोपला की वीज पाडत नाही, बोलायचाच थांबतो, असं एक संदेष्टा सांगून गेलाय म्हणे. म्हणे, कारण ते वाचन चालू असताना मी जन्मभर पेंगत आलो आणि काका कोपरानं ढोसत आले. आज त्या शांततेत मात्र टक्क जागा होतो.

सवयीनं काकांचं कोपर लागलं.

"जागा आहे, काका," मी म्हटलं.

ते बंद कपाटाकडे बघत राहिले. काहीच बोलले नाहीत.