कापशाची हजेरी

तास संपायच्या अर्धा मिनिट आधी कापशा खिशातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत घालायचा. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. पण बोळे आत गेले की आम्ही वह्या मिटायचो, आणि घंटा व्हायची. तो आवाज त्याला सोसत नसे. बोळे आई वळून द्यायची, नाव वर्गाने ठेवलं.

ही आणीबाणीच्या आधीच्या दोन वर्षांतली गोष्ट, सांगलीच्या कॉलेजातली. मी साताऱ्याचा, तो कडेगावकडचा. वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली. त्याचे वडील फौजेतून निवृत्त होऊन ऊस बघत होते. मुलाची ट्रंक ठेवली आणि मला बाहेर घेऊन गेले. "पोरगं लय हुशार हाय. फकस्त नाव घेतलं की ओ देत न्हाई. तेवढी तू दे रं." एवढंच ना, म्हणून मी हो म्हटलं.

हजेरी नंबराने व्हायची. चाळीस मी, एकेचाळीस तो. त्याच्या तोंडून "येस सर" निघेपर्यंत सर पन्नासावर पोचलेले असत. मग माझ्या नंबराला मी जाड आवाज लावायचो आणि त्याच्या नंबराला बारीक. दांडी मारलेल्या मित्राची हजेरी सगळेच लावतात; शेजारी बसलेल्याची लावणारा मी एकटाच. "तुजा आवाज माज्या नंबराला बारीक हुतो," असं तो एकदा म्हणाला. तक्रार नव्हती, त्याला जे दिसलं ते तो सांगत होता.

मला गणित त्याने शिकवलं. विचारलं तर बोलायचा नाही. पण सकाळी वही उघडली की मी जिथे अडलो होतो त्याखाली दोन ओळी लिहिलेल्या असत. दोनच, म्हणजे तिसरी मला सुचावी. परीक्षेतला माझा पहिला वर्ग त्या दोन ओळींचा आहे.

आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. कॉलेजात त्यांना जास्त वेळ मिळतो, वेगळी खोली मिळते, सोबतीला माणूस मिळतो. तेव्हा तो शब्द आम्हाला माहीत नव्हता. सोबतीचा माणूस म्हणजे मी.

दुसऱ्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गणिताला नवे सर आले. एकेचाळीसला मी बारीक आवाज काढला आणि त्यांनी मान वर केली. "हा आवाज कोणाचा?" तो इथेच बसलाय, त्याला फक्त ओ देता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. त्याच आठवड्यात वर्गप्रतिनिधीची निवडणूक होती आणि मी उभा होतो. मी वहीत डोकं घातलं. सरांनी त्याची गैरहजेरी मांडली. उद्या सरांना भेटून सांगू, असं मी ठरवलं आणि रोज तेच ठरवत राहिलो. पुढे इतर तासांनाही बारीक आवाज काढायची मला लाज वाटू लागली. निवडणूक मात्र मी जिंकलो.

दिवाळीआधी, हजेरी कमी भरल्याने टर्म न मिळालेल्यांची यादी लागली. एकही तास न बुडवलेला कापशा त्या यादीत होता. वडील आले, ऑफिसात उभे राहिले. "वर्गात बसल्याला गैरहजर कसं म्हंता सायेब?" क्लार्कने रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे धरलं.

एसटी स्टँडवर ट्रंक टपावर चढवून ते माझ्याकडे वळले. "तू तर ओ देत व्हतास न्हवं?"

"हो, देत होतो की," मी म्हणालो.

कापशा शेजारीच होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "नागपंचमीपासनं न्हाई."

आवाजात राग नव्हता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला घेऊन ते गाडीत चढले. मी खिडकीखाली जाऊन कापशाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला होता. कापशाने बोळे कानांत घातले.

तो परत कॉलेजात आला नाही. कडेगाव काही लांब नाही, पण मी कधी गेलो नाही. हाकेला ओ देणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी त्याला ते जमलं नाही की त्याला मला ओ द्यायचीच नव्हती, हे मला अजून माहीत नाही.