मध्यांतरानंतरचे खुनी

खुनाच्या पिक्चरची दुसरी कॅसेट मी आधी लावली. नुसती लावली असती तर काढताही आली असती. मी ती शेवटपर्यंत चालवली, आणि चालू असताना ती कशी बरोबर आहे हे जमलेल्या सगळ्यांना समजावूनही सांगितलं.

भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रिक्षात बसून घरोघर पाहुण्यासारखे यायचे, त्या काळातली ही गोष्ट. आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर 2 मध्ये राहायचो. मी प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, म्हणजे जनरल शिफ्ट: सकाळी जा, संध्याकाळी या, रविवारी घरी बसा. लोखंड वितळवणाऱ्यांच्या गावात कागद सरकवणाऱ्याला कोण विचारतो? पण जनरल शिफ्टवाल्याला एक सुख असतं. त्याला पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येतो. त्या जोरावर आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत मी रहस्यपटांचा जाणकार ठरलो होतो. ही पदवी मला कोणी दिली नव्हती. मीच घेतली होती, आणि कोणी परत मागितली नाही म्हणून राहिली.

माझे लाडके रहस्यपट ठरलेले होते आणि कोणी विचारो न विचारो, मी ते सांगायचो. एक डाकबंगल्याचा. काळा-पांढरा, खिडकीबाहेर धुकं, टेबलावर कंदील, आणि पडदा उजळतो तेव्हा तीन माणसं एकमेकांकडे बघत गप्प बसलेली. एक कोर्टाचा. त्यात सुरुवातच उलटतपासणीची. साक्षीदार बाई पदराने घाम टिपते आणि वकील तिला चष्मा काढायला सांगतो. एक आगगाडीचा. गाडी आधीच धावत असते, डब्यात प्रेत आधीच बसलेलं असतं, आणि टीसी एकेकाचं तिकीट बघत त्याच्याकडे सरकत असतो. आणि सगळ्यांत लाडका कोठीचा, म्हणजे एका मोठ्या हवेलीचा. मालक मेलेला, घरची माणसं लांबलचक टेबलाशी जेवायला बसलेली, कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही, आणि पुतण्या मात्र दुसऱ्यांदा वरण मागतो. या चारही पिक्चरांवर माझं एकच भाष्य असायचं. थोर दिग्दर्शक ओळखी करून देत बसत नाही. तो तुम्हाला उचलतो आणि थेट भानगडीत टाकतो.

हे मत बनायला कारण अगदी साधं होतं, फक्त ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. कॉलेजात असताना मी शेजारच्या दुर्गला राहायचो. तिथल्या एका टॉकीजचा गेटकीपर मध्यांतरात चहा प्यायला समोर जायचा. बाहेर बिडी-सिगारेट ओढायला आलेले प्रेक्षक आत परतायला लागले की आम्ही दोस्तही त्यांच्यासोबत आत परतायचो. आत आधी गेलेलोच नसायचो, पण परतण्याचा अभिनय उत्तम करायचो. एक दोस्त तर चालता चालता ‘हिरोईन बेकार है यार’ असंही म्हणायचा. असे किती पिक्चर झाले देव जाणे. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, कोणता पूर्ण पाहिला आणि कोणता अर्धा हे डोक्यातून पुसलं गेलं. कलेची जाण तेवढी उरली.

आता काकाजी. हे आमचे शेजारी, मूळचे अमरावतीकडचे, भट्टीवर फोरमन. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे नसले तरी धाकट्या काकांच्या बरोबरीचे होते आणि सगळी ओळ त्यांना काकाजीच म्हणायची. त्यांना खुनाच्या पिक्चरांचं माझ्याइतकंच वेड होतं, पण त्यांच्यामागे शिफ्ट लागलेली होती. सेकंड शिफ्ट असली की दुपारच्या पिक्चरमधून उठून सायकल काढायची. नाइट असली की मैदानातल्या पडद्यावरचा खेळ अर्धा टाकून डबा घ्यायचा. फर्स्ट शिफ्ट असली तर पूर्ण बघायला हरकत नसे, पण पहाटे उठलेला माणूस नायिका संकटात सापडेपर्यंत घोरायला लागायचा. ऑफ मिळायचा तोही फिरता. आज मंगळवार, मग बुधवार, रविवार क्वचित. त्यामुळे काकाजींनी खून पुष्कळ पाहिले होते, पण खुनी एकही नाही. खुनी त्यांना दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळायचा. चहाचा कप तोंडाला लावायच्या आत कोणीतरी सांगून टाकायचं. भट्टीवरची पोरं त्यांना चिडवायची की तुम्ही ड्यूटीवर गेल्याची खात्री करूनच इन्स्पेक्टर खुन्याला पकडतो.

एकदा त्यांचा ऑफ रविवारी आला. आदल्या आठवड्यातच ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. कँटीनमध्ये त्यांनी जाहीर केलं होतं म्हणे, की या रविवारी इन्स्पेक्टरच्या आधी मी खुनी पकडणार, आणि सोमवारी त्याचं नाव आणि माझा तर्क दोन्ही सांगणार.

“एक असा पिक्चर काढ,” ते म्हणाले, “ज्याचा शेवट माह्या कानावर नसन आला. अन् तू तोंड उघडू नको. तुले खुनी सांगल्याशिवाय जेवन जात नाही, मले माईत हाय.”

मी देवाशपथ कबूल केलं, आणि ही एक गोष्ट मी शेवटपर्यंत पाळली. खुन्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

पिक्चर कोणता, हा प्रश्नच नव्हता. हुडको वसाहतीतल्या कॅसेटच्या दुकानात कोठीचा पिक्चर दोन कॅसेटांत मिळाला. दोन्हींच्या पाठीवर नुसतं पिक्चरचं नाव होतं. पहिली कोणती, दुसरी कोणती याचा पत्ता नाही. दुकानदाराला विचारावं असं मला वाटलं नाही. जाणकार माणूस दुकानदाराला विचारत नसतो.

रविवारी सकाळी काकाजी धुतलेला शर्ट घालून आले. झोप येऊ नये म्हणून अर्धपोटीच आले, असं मागून आलेल्या काकूंनी हळूच सांगितलं. काकाजींना टीव्हीसमोरची खुर्ची दिली. बाकी शेजार सतरंजीवर. खिडक्यांना चादरी लावल्या. मी हाताला आली ती कॅसेट आत ढकलली. पडद्यावर लांबलचक टेबल आलं, गप्प माणसं आली, पुतण्याने वरण मागितलं. माझ्या अंगावर शहारा आला. हाच तो. हीच ती थोर सुरुवात.

पहिली शंका माझ्या बायकोची. नावं नाही आली, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मोठी माणसं नावं शेवटी दाखवतात. मग काकूंनी पुतण्याकडे बोट करून विचारलं की या पोराचा हात गळ्यात कावून बांधला. मी सांगितलं की तेही एक रहस्य आहे. सतरंजीवरच्या एका कॉलेजच्या पोराने मान वळवली. “अंकल, ये शुरू से है ना?” त्याला मी आजच्या पिढीला धीर नाही यावर थोडं ऐकवलं.

काकाजी मात्र कामाला लागले होते. पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, भट्टीच्या झरोक्यातून बघावं तसे बघत होते. बऱ्याच वेळाने, पडद्यावरची नजर न हलवता, त्यांनी मला विचारलं.

“मेला कोन?”

“घरचा मालक, काकाजी.”

“तो दिसन कवा?”

“तीच तर गंमत आहे. तो दाखवतच नाही.”

“अन् मंग हे कोन्या बाटलीची गोष्ट करून राहिले?”

“ती पण दाखवत नाही.”

काकाजींनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, ही या सगळ्यातली अवघड बाजू. बिचारे न पाहिलेल्या प्रेताचा, न पाहिलेल्या बाटलीचा तपास मन लावून करत राहिले. आधी स्वयंपाकी धरला. मग सोडला. मग पुतण्याकडे बोट केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, पुतन्याच. तर्कही दिला: ज्याच्या घरी मयत झाली तो दोनदा वरण मागत नाही.

इन्स्पेक्टरने डॉक्टरला पकडलं. घरचाच जुना डॉक्टर; सगळ्यांना धीर देत फिरणारा. इन्स्पेक्टर त्याला म्हणाला, की औषधाची बाटली तुम्ही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बदललीत आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही.

काकाजी सावकाश माझ्याकडे वळले. “आपल्या डोयासमोर कुठं बदलली?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तेवढ्यात पडद्यावर ‘समाप्त’ आलं. आणि माझ्या मांडीवर अजून एक कॅसेट शिल्लक होती.

बायको उठली, माझ्या मांडीवरची कॅसेट उचलली आणि स्वतःच लावली. सनई वाजली. मोठ्या अक्षरांत पिक्चरचं नाव आलं. मग सगळ्यांची नावं, अगदी केशभूषाकाराचंसुद्धा. मग कोठीचा मालक आला. धडधाकट, हसरा, पुतण्याच्या पाठीवर थाप मारणारा. पुतण्या त्याच्यासमोरही दोनदा वरण मागत होता. त्याची भूकच तेवढी होती. त्याचा हात घोड्यावरून पडून मोडला. दुर्गच्या त्या गेटकीपरचा चहा मला तेव्हा आठवला. एवढी वर्षं ज्याला मी दिग्दर्शकाची करामत म्हणत होतो, ती त्या चहाची करामत होती.

डॉक्टर खोलीत आला की सतरंजीवर खसखस पिकायची. तो नाडी बघतो, उशी सारखी करतो, मालकाच्या बायकोला काळजी करू नका म्हणतो, आणि आमच्याकडची माणसं पोट धरून हसतात. मग तो प्रसंग आला. दिव्याच्या लख्ख उजेडात, खोलीभर नातेवाईक असताना, डॉक्टरने एक बाटली बॅगेत टाकली आणि दुसरी टेबलावर ठेवली. काकाजी खुर्चीत ताठ झाले.

“हे मी पकडलं असतं,” ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

तेव्हा कोणी हसलं नाही.

मला वाटलं होतं ते उठून जातील. पण ते बसून राहिले. खून झाला, रडारड झाली, घरची माणसं टेबलाकडे निघाली आणि पडद्यावर ‘मध्यांतर’ आलं. तिथे आमचा पिक्चर संपला. काकूंनी चादरी काढायला मदत केली. सतरंजीवरचा एक जण भट्टीवरचाच होता. तो काकाजींची नजर चुकवून आधीच निसटला. सोमवारी कँटीनमध्ये काय होणार हे सांगायला जाणकार लागत नव्हता.

काकाजी दारात चपला घालत होते. मी जवळ गेलो आणि दुर्गचं सगळं सांगून टाकलं: गेटकीपर, चहा, मध्यांतर. एवढंच नाही, तर पुढच्या वेळी रविवारी ऑफ आला की आगगाडीचा पिक्चर आणतो, असंही म्हणालो. तो याहून सरस आहे, सुरुवातीलाच गाडी धावत असते.

त्यांनी दुसऱ्या पायात चप्पल सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मले तं शिफ्टीनं उठवलं म्हनून माहे अर्धे राहिले,” ते म्हणाले. “तुले कोनी उठवलं नव्हतं. तू अर्ध्यातच हुशार होऊन बसला.”