आमच्या बहिऱ्याला कान दिले तेव्हा

कंपनीनं आमच्या बहिऱ्याला कान परत दिले, त्या रविवारी मी इतकी चिडले की चहा तसाच टाकून उठले. आमचा बहिरा म्हणजे चित्रकथेच्या अंकातला महानायक. काळा झगा, उंच इमारतींवरून उड्या, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरा. एका स्फोटात त्याचे कान गेले होते, तेव्हापासून तो लोकांचे ओठ वाचून सगळं ओळखायचा. रस्त्यापलीकडच्या खिडकीत दोन गुंड काय कुजबुजतायत, ते हा काचेतून बघून सांगायचा. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्यासोबत होतो. आता नवीन लेखक आला, त्यानं परग्रहावरचा कसला तरी दगड त्याच्या कानाला लावला आणि झालं! साहेबांना ऐकू यायला लागलं.

आमचा गट म्हणजे सात-आठ टाळकी. नवी पेठेत एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर रविवारी सकाळी जमतो. कोणी शाळेत शिकवतो, कोणी औषधांच्या दुकानात आहे, मी बँकेत काउंटरवर बसते. चाळिशीला टेकलेल्या बाईनं असले अंक वाचावेत हे माझ्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही. न पचू दे. माळ्यावर आमची भांडणं ठरलेली असतात. नायकाला मारायचं आणि विक्री घसरली की परत उठवायचं, मग आम्ही रडलो ते काय फुकट? नायिका बाई असली की तिच्या पोशाखाला चार पानं आणि तिच्या डोक्याला एक चौकट, हे कोणी ठरवलं? माझं म्हणणं असं, की पात्र कंपनीचं असलं तरी त्याचा स्वभाव वाचकानं सांभाळलेला असतो. लेखक येतात नि जातात, आम्ही आपले तिथंच असतो.

त्या दिवशी गटात सरळ दोन तट पडले. झेरॉक्सवाला म्हणाला, "बरं झालं की! किती दिवस बिचाऱ्याला अर्धवट ठेवणार?"

अर्धवट म्हटल्यावर माझं डोकंच सटकलं. "अर्धवट तू असशील," मी म्हणाले. "ऐकू येणारे नायक पैशाला पासरी पडलेत. हा एकटा बघून ऐकायचा. तेच काढून घेतलं तर उरलं काय, झगा?"

एवढं चिडायचं कारण घरी होतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, उभं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात राबले. टॉवेलचे माग. त्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात कोणी बोंबलतच नाही. नुसते ओठ हलवायचे आणि हाताच्या खुणा करायच्या. मालक आला की मिशीवर बोट, चहा आला की अंगठा तोंडाशी. तेलुगू बोलणारे, कानडी बोलणारे, आमच्यासारखे मराठी, सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्या दोघांची ओळख, भांडणं, लग्नाचं ठरणं, सगळं आवाजाविनाच झालं, असं ती हसत सांगायची.

मागांनी अप्पांचे कान हळूहळू खाल्ले. पण त्याहून वाईट म्हणजे खोड लागली. घरीसुद्धा ते आवाज न काढता बोलतात, आणि आपण बोललो अशी त्यांची पक्की खात्री असते. ताटावर बसून ओठ हलवतात, "भाकरी वाढ." आपली पाठ असते, आपल्याला काय कळणार? भाकरी येत नाही म्हणून रुसून उठतात. वर आपल्यालाच ऐकवतात, "कवाच सांगितलं की!" पाहुण्यांना वाटतं, म्हातारा सुपारी चघळतोय. आईला मात्र पाठ असली तरी कळायचं, कसं ते देव जाणे. ती स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची, तिथून ओठांनीच उत्तर द्यायची आणि अप्पा खुदुखुदु हसायचे. आम्हा पोरांना त्यातलं बरंचसं वाचता यायचं. काही मुद्दाम वाचू नये असंही असायचं.

आई गेली आणि अप्पांशी बोलणारं माणूसच संपलं. टीव्ही त्यांच्या काही कामाचा नाही. एकदा मी सहज बहिऱ्याचा अंक त्यांच्या हातात दिला. अंक हिंदीत निघतो, तेवढं त्यांना वाचता येतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लई झ्याक हाय. जो बोलतोय त्याच्या डोस्क्यावर लिवलेलंच हाय. देवानं मानसं बी अशीच करायची की!" तेव्हापासून नवीन अंक आधी ते वाचतात, मग मला मिळतो.

मागच्या ऊस हंगामात अप्पा रस्त्याच्या कडेनं चालले होते आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. हॉर्न वाजला, लोक ओरडले, अप्पा आपले चाललेत. ड्रायव्हरनं ऐन वेळी वळवला म्हणून बाहेर लोंबणारा ऊस नुसता खांद्याला घासून गेला. मी समोरच्या बाजूला भाजी घेत होते, पिशवी तिथंच टाकून धावले. आणि अप्पा? त्यांनी कमरेवर हात ठेवून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण एकाही शिवीला आवाज नव्हता. ड्रायव्हर घाम पुसत मला म्हणाला, "आजोबा मुके हायत व्हय?"

मी त्यांना तडक कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बजावलं, आता मशीन लावा, अजून उशीर केलात तर मशीनचाही उपयोग होणार नाही. मशीन आणलं. अप्पांनी एकदा लावून बघितलं, "डोस्क्यात गांधीलमाशी घुसल्यावानी वाटतंय" म्हणाले आणि डबीत घालून टीव्हीवर ठेवलं. ते ठेवलंच. मी समजावलं, चिडले, रडले, अबोलासुद्धा धरला. बहिऱ्या माणसाशी अबोला धरणारी मी शहाणी! पण रोज संध्याकाळी ते पायी बाहेर पडले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

तर त्या रविवारी मी तणतणत घरी आले. "बिघडवला मेल्यांनी," मी अंकाकडे बोट दाखवून म्हटलं. अप्पांनी माझे ओठ वाचले, भुवया उडवल्या आणि चक्क आवाज काढून, चांगलं खणखणीत म्हणाले, "म्हंजे त्यो बहिरा ऱ्हायला पायजे, आनि मी मशीन घालायचं व्हय?"

"तो कागदावर आहे, अप्पा! त्याच्या मागून उसाचा ट्रॅक्टर येत नाही."

"आसं," ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. मला वाटलं, लेकीला बरोबर पकडलं म्हणून खूश आहेत.

पुढचा अंक आला. त्यात बहिऱ्याची जुनी जोडीदारीण होती. तिनंच त्याला ओठ वाचायला शिकवलेलं. ती बंद काचेपलीकडून त्याला काहीतरी सांगतेय. तिच्या डोक्यावरचा बोलण्याचा फुगा रिकामा ठेवलाय. पूर्वी हा सारखा मागं वळून तिचे ओठ बघायचा. आता त्याची तिच्याकडे पाठ आहे आणि साहेब लांबचा सायरन ऐकतायत. अप्पा त्या पानावर कितीतरी वेळ थांबले. मग अंक मिटून माझ्याकडे सरकवला.

"पुडचा आनू नगंस."

"का? आले की त्याचे कान. तुम्ही तर त्याच्या बाजूचे!"

"इसरला त्यो."

"काय विसरला?"

"बघायचं. कान आले, तर ती काय बोलतीया त्ये बघायचं बी सुचंना त्याला." अप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. "तुजी आई दिसती मला अजून, तितं. कायबाय बोलती. डोस्क्यात आवाज घुसला, तर त्ये बी जाईल की."

डबी टीव्हीवर का पडून होती ते मला आत्ता कळलं. पण कळलं म्हणून ट्रॅक्टर काही रस्त्यावरून हटणार नव्हते.

पुढच्या रविवारी माळ्यावर मी म्हटलं, "कान राहू देत त्याचे."

"आं?" झेरॉक्सवाला म्हणाला. "तूच बोलतीयस ना?"

"राहू देत. ऐकू येणं वाईट नाही. पण इतकी वर्षं ओठ वाचलेला माणूस आवाज आला म्हणून वळून बघायचं सोडतो होय? माणसं अशी नसतात. लेखक चुकलाय तो तिथं." यावर पहिल्यांदाच दोन्ही तटांचं एकमत झालं. कंपनीला तसं कळवायचं ठरलं. कंपनी ऐकेल तेव्हा ऐकेल, मला तेवढी सवड नव्हती.

घरी आले तेव्हा अप्पा पलंगावर जेवायची वाट बघत बसले होते. मी भाताचा कुकर लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात, आई उभी राहायची तिथंच, चौकटीला खांदा टेकवून उभी राहिले. त्यांनी वर बघितल्यावर मी आवाज न काढता म्हणाले, "मशीन घाला. मी रोज इथनं असंच बोलीन. तुम्हाला विसरू देणार नाही."

अप्पांनी डोळे पुसले.

"तुजं तोंड लई हालतंय," ते म्हणाले. "तुजी आई एवडं हालवत न्हवती."

"शिकीन की," मी ओठांनीच म्हटलं.

ते उठले, टीव्हीवरची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. ते परत पलंगावर बसले, मी शेजारी बसून मशीन त्यांच्या कानात बसवलं, चालू केलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पंखा घरघरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि कुकरची शिट्टी झाली तसे ते पलंगावरून ताडकन उठलेच.

"अप्पा?" मी हळूच विचारलं.

"वरडू नगंस!" ते ओरडले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाले. आता काढून फेकणार, असं मला वाटलं. त्यांचा हात कानापर्यंत गेलाही. पण तो तिथंच थांबला आणि त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते, दारात कोणी नव्हतं. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही.

"येतंय गं ऐकू. तू बोल की."

मला ते वाचता आलं, पण ते मला नव्हतं. मी उठून खिडकीकडे तोंड केलं आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत तशीच उभी राहिले.